कांदा, उजव्या पायाचा

इथे रोस्कॉफला आम्ही त्याला कांदाच म्हणतो,
अंगठ्याच्या बुडाशी वर आलेल्या त्या हाडाला.
आणि मी चाळीस वर्षं कांद्यांच्याच वेण्या घालतेय,
तेव्हा हसायचं ते आत्ताच हसून घ्या.
डॉक्टरही हसला होता. तरणा पोर, शहरातून आलेला,
नाकाने कांदे सोलणारा.
म्हणाला, मादाम केरब्रा, हा मात्र विकता यायचा नाही.

हाड कापलं, सरळ केलं, दोन स्क्रू घातले.
एक्सरेत दिसतात ते,
स्वयंपाकघरातल्या खुर्चीला असतात अगदी तसे.
मला वाटत होतं, माझ्या आत
निदान काहीतरी गूढ असेल.

पहिले पंधरा दिवस पाय काळजापेक्षा उंच.
सोफा, त्यावर तीन उशा, त्यावर पाय,
आलेल्या व्याह्यासारखा.
मी खाली आडवी, त्याच्या मर्जीकडे बघत.
बर्फ म्हणून गोठवलेले वाटाणे.
दर तासाला गुल्वेन पिशवी बदलतो
आणि रात्रीच्या सुपात कुठले वाटाणे पडतात
ते मी विचारत नाही.

सकाळी आठला एनोरा येते,
रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटात सुई टोचायला.
तिच्या कोटाला ओल्या कुत्र्याचा वास
आणि आधीच्या घरातल्या कॉफीचा.
ती सांगते कोण गेलं, कुणाचा फ्लॉवर शेतातच सडला,
मी विचारते, पाय कसाय?
जांभळा, म्हणते.
आमचा माल गुलाबी, त्यावरच त्याचं नाव.
हा त्याचा वाया गेलेला भाऊ.

खिडकीतून बंदर दिसतं. प्लिमथची बोट भोंगा देते.
बाप याच पाण्यावरून जायचा,
सायकलच्या हँडलला माळा लटकवून
परक्या दारांवर कांदे विकायला, सहा-सहा महिने.
लंगडत यायचा. मी समजायचे, ओझ्यानं.
त्याचे पाय मी कधीच पाहिले नाहीत.
मोजे घालून झोपायचा, आईने मोज्यांसकट पुरला.
हे हाड त्याचंच असणार.
दुसरं काही ठेवलं नव्हतं त्याने.

रात्री मात्र गंमत नाही.
रात्री चादरसुद्धा वजनदार असते.
तिचं टोक अंगठ्याला लागलं की
मी देवाला नव्हे, डॉक्टरला हाका मारते, नावानिशी.
तिसऱ्या रात्री गुल्वेन उठला, काही न बोलता
खाली शेडमध्ये गेला, करवतीचा आवाज आला,
आणि कांद्याची पेटी घेऊन आला, एक बाजू कापलेली.
ती पायावर पालथी घातली, वरून रजई.
आत पाय एकटा, मोकळा, छपराखाली.
पेटीवर शिक्का होता: प्रत पहिली.
एकतीस वर्षांत या माणसाने मला
याहून मोठं काही म्हटलेलं नाही.

टाके निघाले. टाचेवर चालले. मग पायावर.
कुबड्या गेल्या त्या दिवशी दारापर्यंत बारा पावलं,
परत येताना चौदा. का ते कळलं नाही.

आज सातव्या आठवड्यात जुना बूट काढला.
कातड्याला आतून फुगवटा आलेला,
वर्षानुवर्षं त्या हाडाने कोरून घेतलेला खोबा.
पाय घातला. तिथे काहीच नाही.
बोट लावून पाहिलं, कातडं आत दबलं
आणि परत वर आलं.
गुल्वेन म्हणतो, टाक, नवे घेऊ.
बघू, म्हणाले.

शेडमध्ये बसले. पहिली वेणी सैल झाली, उसवली.
दुसरी धरली.
डाव्या पायाचा कांदा अजून आहे, बुटातून डोकावतो.
डॉक्टरने विचारलंय, त्याला कधी आणताय?
सांगितलं, ऑगस्टची काढणी होऊ द्या.
तोवर राहू दे.